मूठ बदलताना

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



सांस्कृतिक समितीनं मला फोन केला तेव्हा सुचवलं होतं, "तुम्ही रेल्वेतले, पेरांबूरला वंदे भारत कशी तयार झाली त्यावर बोला." विषय चांगला आहे, पण त्यावर बोलणारे माझ्यापेक्षा मोठे अधिकारी आपल्यातच बसले आहेत. मी पडलो डिप्लोमावाला. जळगावच्या तंत्रनिकेतनात आम्हाला आधी कानस धरायला शिकवलं आणि मग सूत्रं. तेव्हा कानशीचाच विषय बरा, असं ठरवलं. आज मी टेबल टेनिसच्या बॅटची मूठ काढून दुसरी कशी बसवावी, यावर बोलणार आहे. हसू नका. उत्सवातल्या टीटीच्या स्पर्धेत दरवर्षी चार-पाच बॅटी तरी मुठीपाशी खुळखुळतात आणि त्यांच्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळून सामने उरकले जातात, हे आपण सगळे पाहतो.

पण मी या उद्योगात पडलो तो स्पर्धेमुळे नव्हे, पुरामुळे.

डिसेंबर २०२३ मधलं मिचाँग वादळ आपल्यापैकी कोणी विसरलेलं नाही. २०१५ च्या डिसेंबरनंतर आपण म्हणालो होतो की असं पुन्हा होणार नाही. ते पुन्हा झालं. वेलचेरी हा मुळात तळ्याच्या काठचा सखल गाव. दक्षिण चेन्नईचं पाणी पळ्ळीकरणैच्या पाणथळीकडे जातं, आणि तिथवर पोचण्याआधी ते आपल्याकडे मुक्काम करतं. आम्ही तळमजल्यावर राहतो. ३ तारखेच्या रात्रीपासून पाऊस, ४ तारखेला घरात गुडघाभर पाणी. गॅसचा सिलिंडर, कागदपत्रं आणि आई, या क्रमानं नव्हे बरं का, आईला आधी, वरच्या मजल्यावरच्या तमिळ शेजाऱ्यांकडे नेलं. कपाटाचा खालचा कप्पा मात्र राहून गेला. त्यात वडिलांची बॅट होती.

माझे वडील भुसावळला रेल्वेत फिटर होते. संध्याकाळी शिफ्ट सुटली की रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये टीटी खेळायचे. स्पर्धा वगैरे फार नाही, पण टेबलापाशी त्यांचा दरारा होता. ते जाऊन आता नऊ वर्षं झाली. त्यांची म्हणून जी चार-सहा चीजवस्तू मी इथं आणली, तिच्यात ही बॅट. पाणी ओसरल्यावर कप्पा उघडला तर रबर सुटून लोंबत होतं आणि मूठ एका बाजूनं हलत होती.

एक गोष्ट मात्र मी शहाणपणाची केली. बॅट उन्हात ठेवली नाही. भिजलेलं लाकूड उन्हात ठेवलं की एका अंगानं लवकर सुकतं आणि पिळवटतं. जुनं रबर ओलं असतानाच सोलून काढलं. ते तसंही कडक झालं होतं. फळी दोन सपाट पाटांच्या मध्ये घालून वर जात्याची तळी ठेवली आणि पंख्याच्या खोलीत तीन आठवडे विसरून गेलो. काढली तेव्हा फळी सरळ होती आणि तिचे थर कुठंही सुटलेले नव्हते. मूठ मात्र पहिल्यापेक्षा जास्त हलत होती. असं का, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. तो मला सुचला नाही.

आता आपल्या बॅटची रचना थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं नीट समजेल. पुष्कळांना वाटतं की मूठ म्हणजे कुऱ्हाडीच्या दांड्यासारखी वेगळी वस्तू, फळीत खुपसलेली. तसं नसतं. फळी म्हणजे पाच किंवा सात पातळ थरांचं प्लायवूड. तिचीच एक जीभ, साधारण १० सेंटिमीटर लांबीची, खाली मुठीत उतरते. त्या जिभेच्या दोन्ही अंगांना लाकडाची दोन अर्धुकं चिकटवतात. स्वयंपाकघरातल्या चांगल्या सुरीची मूठ पाहा, मधे पोलादाची पट्टी आणि दोन्हीकडे लाकूड. तसंच हे, फक्त रिव्हेट नाहीत. सगळा भार चिकट्यावर. म्हणून मूठ हलते तेव्हा लाकूड मोडलेलं नसतं, सांधा सुटलेला असतो. आणि सुटलेला सांधा जोडता येतो.

नियमांचं म्हणाल तर मुठीबद्दल या खेळाचे नियम उदार आहेत. बॅटचा आकार, लांबीरुंदी, वजन यांवर बंधन नाही. फळी सपाट आणि ताठ हवी आणि तिच्या जाडीतलं निदान ८५ टक्के लाकूड नैसर्गिक हवं, एवढंच. सगळी कडक कलमं रबराबद्दल आहेत, आणि त्यामागची मोठी गोष्ट आपल्या मुंबईत घडली. १९५२ साली जागतिक स्पर्धा मुंबईला भरली होती. तिथं जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजाची बॅट घेऊन उतरला. तोवर बॅटीवर नुसतं दाणेदार रबर असे आणि चेंडूचा टक-टक आवाज ऐकून समोरचा खेळाडू फटक्याचा अंदाज घेई. सातोच्या बॅटचा आवाजच येईना! तो पुरुष एकेरीचा जगज्जेता झाला. पुढं बराच वाद होऊन १९५९ मध्ये रबराच्या जाडीवर मर्यादा आली. स्पंज धरून ४ मिलिमीटर, ती आजही आहे. २००८ च्या सप्टेंबरपासून उग्र वासाच्या द्रावणांच्या चिकट्यावर बंदी आली. मुठीकडे मात्र कोणी वाकड्या नजरेनं पाहिलेलं नाही. ज्याचा हात त्याची मूठ. कोणी हस्तांदोलन केल्यासारखी धरतो, कोणी चिनी-जपानी पद्धतीनं लेखणीसारखी. चेंडू मनगटाखाली बॅटच्या हाताला लागला तरी तो बॅटलाच लागला असं नियम धरतो. म्हणजे नियमाच्या दृष्टीनं हात आणि मूठ ही एकच वस्तू. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

तर बॅट वाळली आणि प्रश्न उभा राहिला. आमच्या चिरंजिवांचं वय बारा. टीटी शिकायला जातात. ज्या शहरात शरत कमल वाढला, दहा वेळा राष्ट्रीय विजेता झाला आणि मार्च २०२५ मध्ये आपली शेवटची स्पर्धाही इथंच खेळला, त्या शहरात मुलं टीटीकडे वळली नाहीत तरच नवल. त्यांना आजोबांची बॅट हवी होती. पण ती हातात घेतली की म्हणायचे, "बाबा, मूठ खूप जाड आहे. आणि इथं खड्डा आहे, तो बोटाला टोचतो."

तो खड्डा मला ठाऊक होता. मुठीच्या वरच्या टोकाला, फळी सुरू होते तिथं एका अंगाला बोट बसेल एवढी खोलगट जागा होती. वडिलांच्या वर्षानुवर्षांच्या खेळानं लाकूड झिजलं, असं मी लहानपणापासून समजत आलो. वडील गेल्यावर मी कधीमधी त्या खड्ड्यात बोट ठेवून बसत असे. आता मूठ बदलायची म्हणजे तोच खड्डा काढून टाकायचा. सौ. म्हणाली, "नवीन बॅट आणा त्याला, ही राहू द्या तशीच." तेही खरंच होतं. दोन महिने मी काहीच केलं नाही. पण खुळखुळणारी बॅट कपाटात ठेवणं म्हणजे नादुरुस्त डबा यार्डात उभा करून त्याला हार घालण्यासारखं. शेवटी एका रविवारी बसलो.

आता कृती सांगतो. चुकलो तेही सांगतो, कारण उपयोग त्याचाच जास्त.

पहिलं काम खुणा करण्याचं. कोणताही जोड उघडण्याआधी दोन्ही भागांवर मिळतीजुळती खूण करायची, हे आम्हाला कारखान्यात पहिल्या दिवशी शिकवतात. पेन्सिलीनं फळीच्या मध्यावरून मुठीच्या टोकापर्यंत सरळ रेघ मारा आणि मुठीची वरची कड फळीवर कुठं येते ते आखून घ्या. नंतर नवी मूठ तिरकी बसली तर कारण कळणार नाही.

दुसरं, चिकटा कसला आहे ते ओळखा. हल्लीच्या बहुतेक बॅटींना पांढरा चिकटा असतो, आपल्या फेविकॉलच्या जातीचा. तो उष्णतेनं मऊ पडतो. केस वाळवायच्या यंत्रानं मूठ चांगली गरम करायची. फळीला मात्र सुक्या फडक्याचे चार वेढे द्यायचे, कारण फळीचे थरही चिकट्यावरच आहेत आणि ते सुटले तर बॅट संपली. मग रंगाऱ्याचा पुट्टीचा पातळ पत्रा मुठीच्या खालच्या टोकाकडून सांध्यात घालायचा आणि लाकडी ठोकळ्यानं हलके ठोके देत वर सरकवायचा. नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेनं. आडवा जोर कधीही लावायचा नाही.

मी आडवा जोर लावला. एक अर्धुक हातानंच निघून आलं होतं, त्यामुळं आत्मविश्वास वाढला. दुसरं घट्ट होतं. पत्रा शोधायचा कंटाळा केला, पेचकस बाजूनं घातला आणि पिळला. कट्‌ असा आवाज झाला. मूठ निघाली, पण तिच्याबरोबर फळीच्या वरच्या थराची दोन बोटं लांब ढलपी उखडून आली. पंचवीस वर्षांच्या नोकरीत नवशिक्या पोरांना ज्यासाठी ओरडलो, तेच मी वडिलांच्या बॅटवर केलं. तासभर नुसता बसून राहिलो. मग आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्यांचं दुकान आहे त्या आसारींकडे गेलो. आसारी म्हणजे सुतार. त्यांनी बॅट उलटीसुलटी केली, ढलपीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "मेदुवा सार, मेदुवा." हळू साहेब, हळू. एवढंच. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

त्यांनी काय केलं ते पाहा. ढलपी मुठीलाच चिकटलेली होती. सुई काढलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजनं त्यांनी सांध्याच्या कडेला गरम पाण्याचे थेंब सोडले, पाच-सात मिनिटं थांबले, पुन्हा सोडले. तिसऱ्या खेपेला ढलपी ओल्या पोस्टाच्या तिकिटासारखी अलगद सुटली. खाली तपकिरी, चिकट थर राहिला. त्याचा वास आला आणि मी चाळीस वर्षं मागं गेलो. तो सरस होता. जनावरांच्या कातडी-हाडांचा सुतारी सरस. वडील पाण्याच्या पातेल्यात डबा ठेवून तो पातळ करायचे आणि आई नाकाला पदर लावून म्हणायची, "बाहेर जा ते घेऊन."

आता मला तो विसरलेला प्रश्न आठवला. पुरात फळीचे थर शाबूत राहिले आणि मूठच का सुटली? कारण चिकटे दोन होते. थरांचा चिकटा पाण्याला दाद देणारा नव्हता. सरस मात्र पाण्यात आणि उष्णतेत विरघळतो. मग एकाच बॅटमध्ये दोन चिकटे कसे? मी जीभ नीट पुसून उजेडात धरली. सरसाखाली कानशीचे तिरके ओरखडे होते आणि मधेमधे दुसऱ्याच कुठल्या तरी चिकट्याच्या पिवळट खुणा. म्हणजे मूठ मूळची नव्हतीच. माझ्या आधी कोणीतरी ती काढली होती.

घरी येऊन आईला विचारलं. ती शेंगा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अरे, ती मूठ त्यांनीच केलेली. तुझ्या जन्माच्या आदल्या वर्षी दाराच्या बिजागरीत त्यांचं मधलं बोट चेपलं, ते कायमचं वाकडं राहिलं. बारीक मूठ धरता येईना. दोन महिने खेळणं बंद, नुसती चिडचिड. मग तुझ्या आजोबांच्या मोडक्या आरामखुर्चीचा हात कापला आणि बसले घासत. बोटापुरता खड्डासुद्धा केला होता बघ त्यात."

मंडळी, जो खड्डा झिजेचा समजून मी जपला, तो त्यांनी कानशीनं मुद्दाम केला होता. वाकड्या बोटाची जागा होती ती. वडिलांचं ते बोट मी आयुष्यभर पाहिलं होतं, पण बोट आणि खड्डा यांचा संबंध कधी जोडला नाही. आणि त्यांनी तरी काय केलं? कंपनीची चांगली मूठ काढून टाकली आणि आपल्या हाताला हवी तशी बसवली. जुनी जपून ठेवल्याचं आईला काही आठवत नाही.

त्यानंतर मला मूठ बदलायची भीती वाटली नाही. राहिलेली कृती लवकर सांगतो.

नव्या मुठीला लाकूड हलकं हवं. आसारी म्हणाले, कुमिळ घ्या. कुमिळ म्हणजे आपलं शिवण. हिशेब सोपा आहे. दोन्ही अर्धुकं मिळून घासूनपुसून सुमारे ४५ घन सेंटिमीटर लाकूड राहतं. सागवान घनमीटरला साधारण ६५० किलो, शिवण साधारण ४८०. म्हणजे सागाची मूठ २९ ग्रॅम आणि शिवणीची पावणेबावीस. फरक साडेसात ग्रॅमचा, जवळपास तीन चेंडूंच्या वजनाइतका. ऐकायला क्षुल्लक, पण सबंध बॅट रबरासकट पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास असते. मूठ हलकी झाली की तोल पुढं सरकतो. पेन्सिलीवर आडवी ठेवून पाहिली तर तोलाचा बिंदू अर्धा सेंटिमीटर फळीकडे गेला होता. चिरंजीव चार दिवस कुरकुरले, मग सवय झाली.

ढलपी आधी जागेवर चिकटवली, वर मेणकागद आणि सपाट ठोकळा ठेवून एक रात्र शिकंज्यात. जिभेवरचा सरस कोमट ओल्या फडक्यानं पुसून काढला आणि पूर्ण वाळू दिला. जुन्या चिकट्यावर नवा चिकटा लावाल तर तो लाकडाला नव्हे, जुन्या चिकट्याला चिकटेल. अर्धुकांची वरची कड, जी फळीवर टेकते, ती चिकटवण्याआधीच गुळगुळीत करून घ्या. नंतर तिथं कानस फिरवली तर फळीवर ओरखडे पडतात.

शिकंजा आवळला की ओली अर्धुकं घसरतात, हा सगळ्यांचा अनुभव आहे. त्यावर आसारींची युक्ती अशी. जिभेत दोन बारीक चुका अर्ध्या ठोकायच्या, डोकी कापून टोकं एखादा मिलिमीटर वर ठेवायची आणि अर्धुक कोरडंच दाबून बसवायचं. टोकं लाकडात रुततात आणि जागा पक्की होते. मग फेविकॉलचा पातळ हात दोन्ही पृष्ठभागांवर. दोन सी-क्लॅम्प, खाली लाकडाचे तुकडे, नाहीतर लोखंडाचे वण उठतात. बाहेर आलेला चिकटा लगेच ओल्या फडक्यानं पुसायचा. क्लॅम्प फार आवळू नका, सगळा चिकटा बाहेर येऊन सांधा उपाशी राहतो. डब्यावर काहीही लिहिलेलं असो, चेन्नईच्या दमट हवेत पूर्ण २४ तास थांबा.

शेवटी आकार. तो ज्याचा हात त्याला समोर बसवूनच द्यायचा. थोडं घासलं की त्याच्या हातात द्यायचं, चार फटके मारायला सांगायचं, पुन्हा घासायचं. ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, मग २२०. त्यापुढं जाऊ नका. गुळगुळीत मूठ घामानं निसटते, आणि घामाची आपल्याकडे बारा महिने चंगळ. वॉर्निश मुठीला नाही, फक्त फळीच्या कडेला आणि मुठीच्या खालच्या टोकाला. पाणी शिरतं ते तिथूनच. वेलचेरीकरांना हे वेगळं सांगायला नको.

ढलपीची रेघ दिसते अजून. मी ती रंगवून लपवली नाही. चिरंजिवांनी विचारलं, "बाबा, हे कसलं?" म्हटलं, "माझ्या घाईचं." रबराखाली तिचा बराच भाग झाकला जातो. रबर बदलायला काढलं की मी पुन्हा पाहतो.

आता प्रश्न उरतो सागाच्या जुन्या अर्धुकांचा. ती मी फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली होती, या वेळी वरच्या कप्प्यात. एक दिवस आई म्हणाली, "ती काय लोणचं घालायला ठेवलीस? माझ्या उलथन्याची मूठ जळलीय, बघ तिला बसतात का." बसली. उलथन्याची पोलादी पट्टी मधे आणि दोन्हीकडे आरामखुर्चीचा साग. रचना तीच, या वेळी पितळी रिव्हेट मारून, म्हणजे पाण्याची चिंता नाही. थोडी कापावी लागली, पण खड्डा तसाच राहिला. आई पोळी उलटते तेव्हा तिचं मधलं बोट बरोबर त्यात बसतं. ती त्याबद्दल काही बोललेली नाही, आणि मीही विचारलेलं नाही.

नियम हात आणि मूठ एकच धरतो, असं मी मघाशी म्हणालो. म्हणजे हात बदलला की मूठ बदलायची. वडिलांना हे कळलं होतं. मला ते कळायला पूर यावा लागला आणि ढलपी उडावी लागली.

तर मुलांनो, ज्यांच्या बॅटी खुळखुळतात त्यांनी टेप गुंडाळू नका. विसर्जनानंतरच्या रविवारी सकाळी मी हत्यारं घेऊन मंडळाच्या हॉलवर येतो. आसारींनाही बोलावलं आहे, ते हो म्हणाले आहेत. काम तुम्ही करायचं, आम्ही दोघं बाजूला बसून "मेदुवा, मेदुवा" एवढंच म्हणणार.



गणपती बाप्पा मोरया!